खाचेतली मोकळी जागा

नांगर वर उचलून ट्रॅक्टर बांधाकडेला उभा करायचा, इंजिन बंद करायचं आणि चहाला जायचं. परत आल्यावर नांगर जिथल्या तिथे असेल तर लिफ्ट धडधाकट आहे. फाळ मातीला टेकले असतील तर तेल कुठून तरी निसटतंय. यापेक्षा स्वस्त चाचणी कुठल्या प्रयोगशाळेत मिळायची नाही. पारनेर तालुक्यात ती रोज शेकडो बांधांवर आपोआप होते.

नगरहून पुण्याकडे निघालं की केडगाव, चास, कामरगाव मागे टाकून सुपा येतं. (शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीतलं सुपे ते हे नव्हे, ते बारामती तालुक्यात. पत्ता सांगताना अजूनही घोळ होतो.) जवळच्या डोंगरावर पवनचक्क्या, माळावर एमआयडीसी आणि हमरस्त्याच्या दोन्ही अंगांना गॅरेज, टायरवाले, वेल्डिंगवाले, लेथवाले. एका बाजूला मायक्रॉनमध्ये बोलणारे कारखाने, दुसऱ्या बाजूला अवर्षणाच्या पट्ट्यातली शेती आणि तिची दमलेली यंत्रं. मधल्या वर्कशॉपांना दोन्ही भाषा थोड्या थोड्या येतात.

अशाच एका वर्कशॉपात पलटी नांगराचा एक ट्रॅक्टर मी पाहिला, तेव्हा एकाच दुखण्यासाठी त्याची ती तिसरी खेप होती. लिफ्टच्या जुन्या पिस्टनला ओरखडे पडले होते, म्हणून शेजारच्या लेथवर नवा करून घेतलेला. त्यावरच्या खाचेत नवी कोरी ओ-रिंग, म्हणजे तेल अडवणारी गोल रबरी कडी, चढवलेली. पंधरा-वीस दिवस लिफ्ट झकास चालायची, मग नांगर पुन्हा खाली बसायचा. मिस्त्रींनी काढलेली रिंग माझ्या हातावर ठेवली. एका कडेने उंदराने कुरतडल्यासारखी, बाकी अंग चारही बाजूंनी चपटं झालेलं. गोल छेद असलेली वस्तू चौकोनी होऊन बाहेर आली होती.

"रिंगाच डुप्लिकेट येत्यात साहेब," मिस्त्री म्हणाले.

टर्नरला बोलावलं. तरुण पोरगा, हात चांगला. त्याने अभिमानाने सांगितलं, "खाच एकदम मापात आहे. रिंग व्हर्निअरला 5.33 भरली, मी खाच 5.4 रुंद काढली. हलायला जागाच नाही."

रोग तिथेच होता. रिंगला हलायला जागा नव्हती.

ओ-रिंग ही दुकानात मिळणारी वस्तू. पाच रुपयांपासून पाचशेपर्यंत हवी ती घ्या, ती बनवणाऱ्याने आपलं काम केलेलं असतं. गळती थांबवण्याचं उरलेलं काम खाचेचं, आणि खाच विकत मिळत नाही. ती कुणीतरी कागदावर काढतो आणि दुसरा कुणीतरी लेथवर कापतो. तरी गळती झाली की सगळे रिंगला बोल लावतात, कारण फाटलेली रिंग हातात येते आणि चुकलेली खाच पोलादात तशीच राहते.

रिंग आणि खाच यांच्या या संसारातला खाचेचा वाटा ओळखला तो नील्स क्रिस्टेन्सन या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या यंत्रकारागिराने. 1891 साली तो अमेरिकेत गेला, मिलवॉकीत ट्रामगाड्यांच्या हवेच्या ब्रेकवर त्याने नाव कमावलं. रबराची गोल कडी ही काही त्याची कल्पना नव्हती. तशा कड्या एकोणिसाव्या शतकातही होत्या. पण 1930 च्या दशकात, सत्तरीच्या आसपास पोचलेला हा माणूस वेगवेगळ्या मापांच्या खाचा कापून पाहत बसला आणि त्याला उमगलं की कडीच्या जाडीपेक्षा बरीच रुंद खाच दिली, तर साध्या रबरी कडीने सरकणाऱ्या पिस्टनचीही गळती थांबते. 1937 मध्ये त्याने अर्ज केला, 1939 मध्ये पेटंट मिळालं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने ते आपल्या हाती घेतलं आणि विमानांच्या हायड्रॉलिक्समध्ये ओ-रिंग सर्वत्र झाली. म्हाताऱ्याचा एक समज मात्र पुढे टिकला नाही. त्याला वाटायचं, रुंद खाचेत कडी थोडी लोळत राहते आणि त्या मळण्यामुळे रबर ताजं राहतं. आज आपल्याला ती लोळायला नको असते, सरकायला हवी असते. तरी रुंद खाच बरोबरच ठरली, फक्त कारण दुसरं निघालं.

ते कारण रबराच्या स्वभावात आहे. रबर मऊ असतं म्हणून ते दाबलं जातं असं आपल्याला वाटतं. खरं तर रबर दाबून लहान होत नाही, फक्त आकार बदलतं. इकडून चेपलं की तिकडून फुगतं. घनफळाच्या बाबतीत ते जवळजवळ पाण्यासारखं हट्टी आहे. हा हट्टच ओ-रिंगचा जीव आहे. खाचेत बसवताना रिंग थोडी चेपलेली असते, त्यामुळे तेलाला दाब नसतानाही ती भिंतीला टेकून असते. मग तेलाचा दाब चढतो, रिंगला खाचेच्या पलीकडच्या भिंतीवर ढकलतो, आणि रबर द्रवासारखं वागत असल्यामुळे तोच दाब ती सगळ्या दिशांना पुढे देते. म्हणजे ती सिलिंडरच्या भिंतीला ज्या जोराने रेटते, तो जोर तेलाचा दाब अधिक मूळचा चेप इतका असतो. तेल कितीही चढलं तरी रिंग त्याच्यापेक्षा तेवढ्या मूळच्या चेपाने वरचढ राहते. शत्रूच्या बळावर उभी राहणारी ही तटबंदी आहे.

पण यासाठी तेल रिंगच्या एका बाजूला पोचलं पाहिजे. रिंग खाचेच्या दोन्ही भिंतींना चिकटून बसली असेल तर तेलाने ढकलायचं कुठून?

आता टर्नरची खाच मोजू. रिंगची जाडी 5.33 मिलिमीटर. तिच्या गोल छेदाचं क्षेत्रफळ 22.3 चौरस मिलिमीटर. सिलिंडरच्या भिंतीपासून खाचेच्या तळापर्यंतचं अंतर 4.7, रुंदी 5.4. म्हणजे घर 25.4 चौरस मिलिमीटरचं. रिंगने पहिल्याच दिवशी 88 टक्के जागा व्यापली. नायट्राइल रबर हायड्रॉलिक तेलात थोडंफार फुगतं, आणि तापलं की पोलादाच्या दहा पटीहून अधिक प्रसरण पावतं. घनफळ 15 टक्के वाढलं असं धरा, रिंगला 25.7 चौरस मिलिमीटर लागतील. घर 25.4 चं. उरलेलं रबर कुठे जाणार? पुरणपोळी लाटताना पुरण जास्त झालं की कडेने जिथे पारी पातळ असेल तिथून बाहेर येतं, तसंच. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधल्या फटीत. तिथे पिस्टनची प्रत्येक हालचाल त्याचा एक घास घेते. पंधरा-वीस दिवस म्हणजे फुगायला लागलेला वेळ.

हीच रिंग, हीच खोली, पण रुंदी 7.2 ठेवली तर घर 33.8 चौरस मिलिमीटरचं होतं. रिंग 66 टक्के जागा घेते, फुगली तरी 76 च्या आसपास. चौथा हिस्सा रिकामाच. साधारण 85 टक्क्यांच्या वर खाच भरू द्यायची नाही, असा जाणकारांचा दंडक आहे, आणि ते फुगणं, तापणं, मापातली चढउतार सगळं धरून. ही मोकळी जागा वाया गेलेली नाही. बाजरीची कणगी कधी गच्च भरायची नाही असं घरातली म्हातारी माणसं सांगतात, त्यातलंच हे.

खोलीचा हिशेब याहून नाजूक. 4.7 खोलीत 5.33 ची रिंग म्हणजे जवळपास 12 टक्के चेप. सरकणाऱ्या भागासाठी 10 ते 17-18 टक्के चेप योग्य मानतात. जे भाग हलत नाहीत, उदाहरणार्थ सिलिंडरचं झाकण किंवा व्हॉल्व्हचा प्लग, तिथे चेप 16 पासून 25 टक्क्यांपर्यंत नेता येतो, म्हणून त्याच रिंगसाठी खोली 4.35 च्या सुमारास घेतात. सरकणाऱ्या जागी तेवढा चेप दिला तर घर्षण वाढतं, रबर तापतं आणि झिजतं. शून्य चेपाकडे गेलात तर थंडीच्या सकाळी पहिल्या दोन उचलांना तेल सुटतं, मग दाब चढल्यावर थांबतं, आणि शेतकरी म्हणतो गाडी तापली की ठीक होते.

आणि ही 5.33, 3.53, 2.62 अशी चमत्कारिक मापं आली कुठून? बरीच वर्षं मला ती मनाला येईल तशी ठेवल्यासारखी वाटायची. 5.33 मिलिमीटर म्हणजे 0.210 इंच. तिला व्यवहारात नाव आहे 3/16 इंची रिंग. 3/16 इंच म्हणजे 4.76 मिलिमीटर, म्हणजे जवळपास आपल्या खाचेची खोली! 3.53 ची रिंग 1/8 इंची म्हणवते, 2.62 ची 3/32 इंची. नाव खाचेच्या मापाचं, आणि रिंग तिच्यापेक्षा चेपापुरती जाड. रिंगची मापं खाचेनेच ठरवली आहेत. पुढे सगळं मेट्रिक झालं, आयएसओ 3601 या मानकातही हीच मापं मिलिमीटरचा सदरा घालून आली, आणि मूळ कारण सदऱ्याखाली झाकलं गेलं.

कागदावरचा हिशेब लेथवर येताना आणखी एका जागी घसरतो. खोली मोजायची ती सिलिंडरच्या भिंतीपासून, पिस्टनच्या पृष्ठभागापासून नव्हे. दोन्हींमध्ये फट असते. सिलिंडर 90 मिलिमीटरचा असेल आणि एका बाजूची फट 0.1 असेल, तर पिस्टनवर खाच 4.6 खोल कापायची, म्हणजे भिंतीपासून 4.7 भरते. खाचेच्या तळाचा व्यास 80.6 येतो. त्यावर 78.74 आतल्या व्यासाची प्रमाणित रिंग चढवली की ती सुमारे 2.4 टक्के ताणली जाते. ताणलेली रिंग बारीक होते, ताणाच्या निम्म्याने, म्हणून तिची जाडी 5.27 च्या आसपास आणि चेप 12 वरून 11 टक्क्यांवर. थोडा ताण चांगला, रिंग खाचेत घट्ट बसते. पाच टक्क्यांच्या वर गेला तर ती बारीकही होते आणि लवकर तडकतेही. रिंग थोडी लहान मिळाली तर 'ओढून बसवू' म्हणणारे हा निम्मा हिशेब विसरतात.

फटीकडे मात्र नीट बघायला हवं, कारण रिंग मरते ती बहुतेक वेळा तिथेच. ट्रॅक्टरच्या लिफ्टचा दाब अनेक गाड्यांमध्ये 150 ते 200 बारमध्ये असतो. 180 बार म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, पावणेदोन क्विंटलहून जास्त भार. 90 मिलिमीटरच्या पिस्टनवर एकूण साडेअकरा टन. एवढ्या दाबाखाली 70 शोअर कडकपणाचं रबर आणि घट्ट मळलेली कणीक यांत फारसा फरक उरत नाही. फटीच्या तोंडाशी ते वाहायला लागतं. साधारण 100 बारपर्यंत माफक फटीत एकटी रिंग तग धरते. पुढे एक तर 90 शोअरचं कडक रबर घ्यावं लागतं, नाहीतर रिंगच्या पाठीशी बॅकअप रिंग लावावी लागते. ही टेफ्लॉनसारख्या कडक पदार्थाची पातळ चकती. तिचं काम तेल अडवणं नाही, फट बुजवणं आहे. ट्रॅक्टरच्या जुन्या पिस्टनांत या जागी चामड्याची चकती सापडते आणि नवे मेकॅनिक तिला कचरा समजून फेकून देतात.

बॅकअप लावायची ती दाबाच्या विरुद्ध बाजूला. लिफ्टला एकाच बाजूने दाब येतो म्हणून एक चकती पुरते, आणि खाच 7.2 ऐवजी 8 मिलिमीटर रुंद करावी लागते. दोन्ही बाजूंनी दाब असेल तर दोन चकत्या आणि साडेदहाच्या आसपास रुंदी. चकती बसवली पण खाच जुन्याच मापाची ठेवली, तर पुन्हा गच्च कणगी. आणि चकती उलट्या बाजूला घातली तर काय होतं? काहीच होत नाही, म्हणजे तिचा काही उपयोग होत नाही. रिंग पहिल्यासारखीच चावली जाते आणि मालक म्हणतो, बॅकअप लावूनही फरक नाही.

कागदावर फट सगळीकडे सारखी दाखवतात. प्रत्यक्षात पिस्टन आपल्या वजनाने किंवा तिरक्या भाराने एका अंगाला टेकतो. तिकडे फट शून्य, समोर दुप्पट. रिंग कुरतडलेली असेल तर पूर्ण घेर तपासावा. एकाच अंगाला कुरतडली असेल तर फटीपेक्षा पिस्टनचा आधार तपासायची वेळ आलेली असते. सिलिंडर मध्यभागी जास्त झिजलेला असला तरी फट रुंदावते, फक्त त्या टप्प्यातच.

खाचेच्या कडांवर मी टर्नर लोकांशी सर्वांत जास्त भांडलो असेन. ग्रूव्हिंग टूल बाहेर येताना कडेला धार सोडतं, बोटाला कळते न कळते अशी. पोलादाला ती दिसत नाही, रबराला ब्लेड होते. 0.1 ते 0.2 मिलिमीटरचा गोलावा एमरीच्या दोन फेऱ्यांत येतो. पण कडा मोडण्याच्या उत्साहात अर्धा मिलिमीटर गोल केला तर तिथे फट रुंदावते आणि रबराला बाहेर यायला कमानच तयार होते. तळाच्या कोपऱ्यात उलट. तिथे थोडा गोलावा असू द्यावा, नाहीतर जास्त दाबाखाली तिथूनच पोलादाला तडा सुरू होतो. सिलिंडरच्या तोंडाला 15 ते 20 अंशांचा उतार द्यावा, म्हणजे रिंग आत जाताना कातरली जात नाही. हा उतार नसेल तर रिंग बसवतानाच मरते, आणि ती मेली हे तेल भरून दाब दिल्यावरच कळतं. रिंगच्या वाटेत सिलिंडरच्या भिंतीत तेलाचं छिद्र येत असेल तर आराखडाच बदलावा. छिद्रावरून जाताना दाबाखालचं रबर त्यात डोकावतं आणि प्रत्येक फेरीत त्याचा शेंडा उडतो.

गुळगुळीतपणाबद्दल लोकांची समजूत अशी की जितका जास्त तितका चांगला. खाचेच्या तळाला नि भिंतींना 1.6 मायक्रॉनची फिनिश चालून जाते. ज्या पृष्ठभागावर रिंग सरकते तो 0.2 ते 0.4 मायक्रॉनचा हवा. पण त्याहून आरसा केलात तर रिंग तेलाचा थर पुसून टाकते, कोरडी सरकते, एका जागी चिकटते आणि बाकीची पुढे जाते. मग तिला पीळ बसतो. अशी पिळलेली रिंग बाहेर काढली की अंगभर तिरके, दोरीच्या पेडासारखे काप गेलेले असतात. होनिंग केलेल्या सिलिंडरमधल्या त्या बारीक फुल्या-फुल्यांच्या रेघा तेल धरून ठेवतात. त्या पॉलिशने घालवल्या की रिंगचं पाणीच तोडलं म्हणायचं.

रबराची जात हा वेगळा विषय आहे, इथे तोंडओळखीपुरता. खनिज तेलाला नायट्राइल, फार तापणाऱ्या जागी फ्लोरोकार्बन. ब्रेक ऑईल हे नावाला ऑईल, प्रत्यक्षात ग्लायकॉलच्या जातीचं, त्याला ईपीडीएमसारखं रबर लागतं. ते ईपीडीएम खनिज तेलात घातलं तर वाईट फुगतं. सायकलची ट्यूब कापून केलेली रिंगही तशीच. ट्यूब बहुधा ब्युटाइलची असते आणि तेलाने सुजून येते. खाच कितीही उदार असली तरी या सुजेला पुरत नाही.

रबराच्या आधी ही सगळी कामं चामडं करायचं. जोसेफ ब्रामाने 1795 मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं. ते यंत्र कामाला आलं ते त्याच्याकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्लेशी जिचं नाव जोडलं जातं त्या वाटीसारख्या चामडी पट्टीमुळे. दाब चढला की पट्टीचे ओठ फाकून भिंतीला चिकटायचे. महाराष्ट्राला हे चामडं नवं नव्हतं. मोट होती, आणि नंतर गावोगावच्या हातपंपाचा वायसर. हातपंपाची मोठी कहाणी आपल्याकडचीच आहे. दुष्काळी भागात बोअर घेऊन बसवलेले ओतीव लोखंडाचे पंप टिकत नव्हते, तेव्हा जालना आणि सोलापूर इथल्या मिशनशी संबंधित कामातून मजबूत पंप पुढे आले. त्याच सोलापूर पंपाच्या धर्तीवर 1970 च्या दशकात युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क 2' घडला. त्याच्या पिस्टनला चामड्याच्या वाट्या असायच्या. 1980 च्या दशकात कोइमतूर भागातल्या चाचण्यांमध्ये त्यांच्या जागी नायट्राइल रबराच्या वाट्या वापरून पाहिल्या आणि त्या कितीतरी जास्त टिकल्या. चामडं ओलं होऊन फुगतं, झिजतं, स्वतःचा आकार शोधून घेतं, म्हणून मापातली चूक ते पोटात घालतं. ओ-रिंग तशी नाही. तिला मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा हिशेब लागतो.

त्या हिशेबाची सर्वांत महाग चूक 28 जानेवारी 1986 रोजी साऱ्या जगाने पाहिली. 'चॅलेंजर' हे स्पेस शटल उड्डाणानंतर 73 सेकंदांनी हवेतच तुटून विखुरलं, सात जण गेले. बाजूच्या रॉकेटच्या तुकड्यांच्या सांध्यात सुमारे 7 मिलिमीटर जाडीच्या दोन ओ-रिंगा होत्या, घेर मात्र 3.7 मीटर व्यासाच्या रॉकेटभोवतीचा. सकाळी तापमान 2 अंशांच्या आसपास. रिचर्ड फाइनमन यांनी चौकशीत बर्फाच्या पाण्यात रबर बुडवून ते थंडीत लवकर उसळी घेत नाही हे दाखवलं, आणि लोकांच्या लक्षात तेवढंच राहिलं. चौकशी अहवालात खाचेचीही गोष्ट आहे. पेटताच सांधा किंचित उघडायचा आणि रिंगने मागोमाग फुगून ती फट भरायची, अशी अपेक्षा होती. पण जिथे सांधा इतका आवळलेला होता की रिंग खाचेच्या तिन्ही भिंतींना टेकली होती, तिथे वायूला तिच्या मागे शिरून तिला ढकलायलाच वाट उरत नव्हती. थंडीने गारठलेली रिंग, आणि दाबाची मदत मिळण्याचा रस्ता बंद. सुप्याच्या टर्नरची 5.4 आणि केनेडी अंतराळ केंद्रातला तो सांधा यांच्यात ही एक रेघ सरळ जाते. मी ती नाट्य म्हणून ओढत नाही. 'घट्ट म्हणजे पक्कं' हा समज दोन्हीकडे तोच आहे.

मोठ्या जेसीबीच्या बूमच्या सिलिंडरमध्ये आज सरकत्या जागी नुसती ओ-रिंग क्वचितच दिसेल. तिथे ओठाची सीलं असतात, किंवा टेफ्लॉनची कडी आणि तिच्या पोटाखाली तिला बाहेर रेटणारी ओ-रिंग. तरी व्हॉल्व्हमध्ये, पंपाच्या झाकणात, होजच्या जोडांत ओ-रिंगाच ओ-रिंगा आहेत, आणि प्रत्येकीला स्वतःची खाच आहे. ती प्रत्येक खाच कुणीतरी ठरवलेली असते, किंवा न ठरवता कापलेली असते.

टर्नरने नवा पिस्टन कापला तेव्हा मी तिथेच होतो. खाच 8 रुंद. 4.6 खोल. कडा एमरीने दोन फेऱ्या. त्याने रिंग आत टाकली आणि ती बोटाने इकडून तिकडे सरकली, तसा त्याचा चेहरा पडला. इतकी ढिली रिंग त्याने आयुष्यात बसवली नव्हती. "साहेब, ही फिरतीये." म्हटलं, अशीच पाहिजे. चकती कुठल्या अंगाला, हे मिस्त्रींनी दोनदा विचारून घेतलं. पिस्टनला तेल लावलं, स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवला, हाताने सरळ दाबत आत घातला. रिंग कुठे अडली नाही.

नांगर उचलला. इंजिन बंद केलं. टर्नरने एका फाळाखाली काडेपेटी उभी करून ठेवली, वर बोटभर फट ठेवून. आम्ही समोरच्या टपरीवर गेलो. चहा झाला, दुसरा झाला. परत आलो तर बोटभर फट बोटभरच होती. पोराने खाली वाकून दोनदा बघितलं आणि मिस्त्रींकडे बघितलं.

तासाभराने फट अर्ध्या बोटावर आली. मिस्त्री पाना घेऊन उठले. "आता हे व्हॉल्व्हचं," ते म्हणाले.